शर्यतीची छोटी मोटार : उकल आणि जोडणी



संतवाङ्मय, इतिहास आणि शेतीचे अर्थकारण यांच्या पंगतीला एका खेळण्यातल्या मोटारीसाठी पाट मांडला, हे पाहून आपल्यापैकी काहींनी भुवया उंचावल्या असतील. त्यांना एवढेच विनवतो की, ही गाडी एकदा उलटी करून पाहावी. बाजारात मिळणारी चावीची किंवा सेलवर पळणारी मोटार आणि ही मोटार यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. त्या मोटारीचे कवच डिंकाने चिकटवलेले असते. ती बंद पडली की भंगारात जाते, कारण तिच्या पोटात शिरायला वाटच ठेवलेली नसते. बिनतारी यंत्राने चालणारी शर्यतीची 'बगी' मात्र पहिल्या स्क्रूपासून शेवटच्या स्क्रूपर्यंत सुटी होते. खऱ्या मोटारीच्या एकदशांश मापाची, हातभराहून थोडी कमी लांब, वजनाने सुमारे दीड किलो अशी ही गाडी. पण तिला चारही चाकांना स्वतंत्र स्प्रिंगा असतात, तेलाचे शॉकअॅब्सॉर्बर असतात, डिफरन्शियल असते, स्टिअरिंगचे दांडे असतात. आग्रा रोडवरच्या धुळ्याच्या गॅरेजात ट्रकखाली आडवा झालेला मेस्त्री जे काही पाहतो, त्यातले बहुतेक सारे येथे आपल्याला चटईवर बसून पाहता येते.

तारेवाचून दुरून यंत्र चालविण्याची कल्पना आपल्याला परकी नाही. १८९५ साली कलकत्त्याला जगदीशचंद्र बोस यांनी भिंतीआडून विद्युल्लहरी पाठवून घंटा वाजवून दाखविली आणि दारू उडवून दाखविली. पुढे १८९८ साली न्यूयॉर्कला निकोला टेस्ला याने पाण्याच्या हौदात एक लहानशी बोट अशाच लहरींनी वळवून दाखविली. पाहणाऱ्यांना ती जादूच वाटली. त्या बोटीची नात म्हणजे आपली बगी. जपानच्या तामिया कंपनीने १९७९ साली खडबडीत जमिनीवर धावणाऱ्या अशा गाड्या काढल्या. १९८४ साली तिची 'ग्रासहॉपर' म्हणजे नाकतोडा आणि 'हॉर्नेट' म्हणजे गांधीलमाशी, या दोन गाड्या घरोघर गेल्या. त्याच वर्षी अमेरिकेत असोसिएटेड कंपनीची 'आरसी-१०' आली आणि खेळाची शर्यत झाली. या गाड्या बहुधा जोडलेल्या मिळत नसत. पेटीत शंभर-दीडशे सुटे भाग आणि एक चित्रांची पुस्तिका मिळे, जोडायचे काम ज्याचे त्याने करायचे. आपल्याकडच्या विलीज जीपचा जन्मही असाच झाला. १९४०च्या दशकाच्या अखेरीस महिंद्र कंपनी परदेशातून सुटे भाग आणून मुंबईत जीप जोडू लागली होती.

आता, गाडी चालत असताना ती उकलायची कशासाठी? विलायतेतल्या शौकिनाला हा प्रश्न हौसेचा असेल. खानदेशात तो गाडीच्या आयुष्याचा आहे, आणि त्याचे कारण आपली माती. कापसाची काळी जमीन ओली असताना चाकाला कशी चिकटते हे शेतकऱ्याला सांगायला नको, तीच वाळली की पिठासारखी बारीक धूळ होते आणि मुंगी शिरणार नाही अशा फटीत शिरते. त्याहून लबाड आहे ती नदीची वाळू. पांझरेच्या किंवा गिरणेच्या कोरड्या पात्रात लोहचुंबक फिरवून पाहा, त्याला काळ्या कणांची मिशी फुटेल. आपला सारा डोंगर बसाल्टाचा, काळ्या पाषाणाचा. त्या दगडात लोहाचे चुंबकीय खनिज असते आणि दगड झिजला की ते वाळूत उतरते. बगीच्या विजेच्या मोटारीत तर चुंबकच बसविलेले असतात! हवा खेळावी म्हणून मोटारीच्या डब्याला ठेवलेल्या खिडक्यांतून ही काळी कणी आत ओढली जाते आणि चुंबकाला जाऊन बसते. तिथून ती फुंकरीने निघत नाही. नदीत चार-सहा वेळा पळविलेली मोटार उघडली नाही, तर आतल्या आत कानसीने घासल्यासारखी झिजते.

उकलण्यापूर्वीचे पहिले काम, विद्युत्घट म्हणजे बॅटरी काढून गाडीपासून दूर ठेवणे. येथे जरा थांबतो, कारण साऱ्या खेळात जिवाला धोका आहे तो एवढ्याच ठिकाणी. पूर्वी निकेल-कॅडमियमचे सहा घट एकापुढे एक जोडून ७.२ व्होल्ट मिळवीत, ते बरेच सोशिक असत. आताचे लिथियम-पॉलिमरचे घट हलके आणि जोरकस आहेत, पण रागीट. एका घटाचा दाब ४.२ व्होल्टच्या वर चढवू नये, ३ व्होल्टच्या खाली उतरू देऊ नये, आणि गाडी महिनाभर पडून राहणार असेल तर ३.८च्या आसपास ठेवावा. फुगलेला घट पुन्हा वापरू नये, मग त्याची किंमत कितीही असो. बहुतेक उत्पादक ४५ अंश उष्णतेपर्यंतच चार्ज करण्याची मुभा देतात, आणि मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा सावलीत तेवढा चढतो. पत्र्याच्या खोलीत तर बोलायलाच नको. म्हणून उन्हाळ्यात चार्जिंग पहाटे करावे. घट गादीवर किंवा लाकडी खाटेवर न ठेवता मातीच्या कुंडीत ठेवावा आणि माणसाने जवळ बसावे. मुलाच्या हाती गाडी देणाऱ्या वडिलांनी बाकीचे व्याख्यान विसरले तरी चालेल, एवढे विसरू नये.

मग स्वच्छता, आणि तीही कोरडी. रंगाऱ्याचा जुना ब्रश घेऊन सांध्यासांध्यातली धूळ झटकावी. पाण्याचा नळ सोडण्याचा मोह होतो, पण काळी माती पाणी पिऊन फुगते आणि धुऊन जाण्याऐवजी आत जाऊन बसते.

सुटे केलेले स्क्रू ठेवण्यासाठी घरातले आप्पेपात्र मागून घ्यावे. त्याच्या एकेका खळग्यात एकेका भागाचे स्क्रू ठेवावेत. पुढचा डावा हात, पुढचा उजवा हात, गिअरची पेटी, अशा क्रमाने. बगीतले बरेचसे स्क्रू तीन मिलिमीटर जाडीचे, दिसायला सख्खे भाऊ, पण लांबीला वेगळे. दहाच्या जागी बारा मिलिमीटरचा बसविला की त्याचे टोक पलीकडे निघून फिरत्या चाकाला घासते, आणि मग आवाज कुठून येतो ते तासभर सापडत नाही. धुळेकरांना हा क्रमाचा मुद्दा लवकर पटावा. इतिहासाचार्य राजवाड्यांचे दप्तर त्यांच्या गावी आहे. जुना रुमाल सोडताना कोणता कागद कोणत्या कागदाखाली होता हे टिपून न ठेवता सारे चळतीत टाकणाऱ्याला तिथे कोणी दारात उभे करणार नाही. आता प्रत्येक पायरीला छायाचित्र घेण्याची सोय खिशातच असते, ती वापरावी.

स्क्रूविषयी आणखी दोन गोष्टी. जपानी गाडीच्या स्क्रूच्या डोक्यावरची फुली आपल्या नेहमीच्या फुलीसारखी दिसते, पण खाच किंचित निराळी असते. नेहमीचा स्क्रूड्रायव्हर तिच्यातून उसळून बाहेर येतो आणि डोके खरवडतो. तेथे जपानी मापाचाच वापरावा. दुसरे, प्लॅस्टिकमध्ये जाणारा स्क्रू परत बसविताना प्रथम उलटा फिरवावा. जुन्या आट्यात तो 'टक्' करून पडतो, मग सुलटा पिळावा. तसे न केले तर तो नवे आटे पाडतो, आणि तीन-चार खेपांत भोक निकामी होते. आटे सैल पडू नयेत म्हणून लावायचे द्रव्य धातूत धातू बसतो तेथेच लावावे. प्लॅस्टिकला ते भेगा पाडते.

आता गिअरची पेटी उघडू. गाडीचे सारे मर्म येथे आहे. दमणीची दोन्ही चाके आसावर सुटी फिरतात. वळणावर बाहेरच्या चाकाला लांबचा पल्ला पडतो, ते जास्त फिरते. आतले कमी फिरते. कोणाची तक्रार नाही, कारण ओढणारा बैल पुढे आहे, चाकाला फक्त लोळायचे आहे. मोटारीत ओढणारा बैलच चाकात शिरलेला असतो. मागच्या दोन चाकांना एकाच आसाने जखडून फिरविले, तर वळणावर एकाला फरपटावे लागेल. किती? दोन चाकांतले अंतर २० सेंटिमीटर असेल, तर एका पुऱ्या फेरीत बाहेरचे चाक सुमारे १२६ सेंटिमीटर जास्त चालते. गंमत अशी की, फेरी अंगणातल्या तुळशीवृंदावनाभोवती घाला की मेहरूण तलावाला पुरा वळसा घाला, हा फरक तेवढाच राहतो. वर्तुळाची त्रिज्या त्यातून गळून पडते. शाळकरी मुलांनी घरी हे गणित मांडून पाहावे.

हा हिशेब चाकांनी आपापसांत मिटवावा म्हणून मध्ये डिफरन्शियल घालतात. १८२७ साली पेकर नावाच्या फ्रेंच कारागिराने वाफेच्या गाडीसाठी त्याचे पेटंट घेतले. बगीतले उघडले की आत चार-सहा लहान तिरकस दात्यांची चाके दिसतात. गाडी सरळ धावताना ती स्वतःभोवती फिरतच नाहीत, दोन्ही बाजूंना सारखे रेटीत नुसती मिरवत जातात. वळण आले की ती स्वतःभोवती फिरू लागतात आणि एका चाकाची कमाई दुसऱ्याच्या पदरात टाकतात. या व्यवस्थेला एक दुर्गुण आहे. एक चाक भुसभुशीत मातीत गरगरू लागले की सारा जोर तिकडे वाहून जातो आणि घट्ट जमिनीवरचे चाक गप्प बसते. त्यावर उपाय म्हणून पेटीत सिलिकोनचे दाट तेल भरतात. तेल जितके दाट, तितकी ही उधळपट्टी कमी आणि वळण तितके जड. कोठे किती दाट तेल हवे ते ज्याने त्याने पळवून ठरवावे.

भाग सुटा झाला की लगेच धुऊन टाकू नये, आधी वाचावा. दात्यांची एकच बाजू चमकत असेल तर दोन चाके सरळ समोरासमोर बसलेली नव्हती. दात्यांची टोके तेवढी झिजली असतील तर त्यांच्यात अंतर जास्त होते; मुळे झिजली असतील तर ती फार घट्ट दाबली होती. डाव्या हाताची खीळ वाकली आणि उजवीची सरळ आहे, याचा अर्थ चालविणारा एकाच अंगाने कठड्याला धडकतो. गाडी कशी धावली याची खरी जबानी या खुणांत असते. चालविणाऱ्याची जबानी बहुधा निराळी असते!

शॉकअॅब्सॉर्बरचे काम समजायला एकदा त्यातले तेल काढून गाडी हातभर उंचीवरून सोडून पाहावी. ती चेंडूसारखी उड्या मारील. स्प्रिंग धक्का खाते, पण खाल्लेला धक्का परत ओकते. तो पोटात जिरविणारे तेल असते. नळीत एक दट्ट्या, दट्ट्याला सुईच्या टोकाएवढी दोन-तीन भोके. दट्ट्या हलला की तेलाला त्या भोकांतून घुसमटत जावे लागते, आणि उडीची शक्ती उष्णता होऊन निघून जाते. तेल भरताना हवेचा एक बुडबुडा आत राहिला तरी सारा खेळ बिघडतो, कारण हवा दाबली जाते आणि तेल दाबले जात नाही. विहिरीवरच्या डिझेल इंजिनाने हवा धरली की पाइपाचा नट सैल करून ती काढावी लागते, तोच हा प्रकार. नळी उभी धरून तेल काठोकाठ भरावे, दट्ट्या अगदी सावकाश वरखाली करावा, बुडबुडे वर येतील. मग चहा होईपर्यंत तसेच उभे ठेवावे. घाई केल्यास बुडबुडे फुटून आणखी बारीक होतात. पुस्तिकेत सांगितलेल्या दाटपणाचे तेल आपल्याकडे बारा महिने चालेलच असे नाही. पौषातल्या पहाटे दहा अंश आणि वैशाखात पंचेचाळीस, एवढ्या फरकात सिलिकोनचे तेलही पातळ होते, साध्या खनिज तेलाइतके नव्हे एवढेच. उन्हाळ्यासाठी एक पायरी दाट तेल ठेवावे.

चाकांना धरणारे हात नायलॉनचे असतात. पीव्हीसी पाइप आणि प्लॅस्टिकच्या चटया करणाऱ्या जळगावकरांना प्लॅस्टिक काय समजावून सांगावे! तरीही सांगतो, नायलॉनची एक खोड पाइपाच्या प्लॅस्टिकला नाही. नायलॉन हवेतले पाणी पिते, आणि त्या थोड्याशा पाण्याने ते चिवट राहते. कोकणात जो हात वाकून परत येईल, तोच आपल्या एप्रिलच्या कोरड्या हवेत काडीसारखा मोडू शकतो. शौकीन लोक नवे हात बसविण्यापूर्वी काही वेळ पाण्यात उकळतात. ऐकायला हा आजीबाईच्या बटव्यातला उपाय वाटतो, पण त्यामागे रसायनशास्त्र आहे. आणि हात मोडला म्हणून हळहळू नये. धडक बसल्यावर काहीतरी मोडणारच, ते थोड्या पैशांत मिळणारे असावे अशीच योजना असते. मात्र सुटे भाग आपल्याकडे बाहेरगावाहून टपालाने मागवावे लागतात, तेव्हा एक जोडी पेटीत आधीच असलेली बरी. पितळी बुशासारखी वस्तू मात्र आपल्याच एम.आय.डी.सी.तला चांगला टर्नर तासाभरात काढून देतो, आणि कौतुकाने देतो.

वंगणाच्या बाबतीत आपला स्वभाव सढळ आहे. बैलगाडीच्या आसाला भरपूर वंगण, तसे येथेही, असे वाटते. पण उघड्या सांध्यावर तेल पडले की त्यावर धूळ बसते, आणि तेल-धुळीचा तो लेप म्हणजे गॅरेजात व्हॉल्व्ह घासायला वापरतात तीच पेस्ट. बंद पेटीत ग्रीस घालावे, उघडे सांधे कोरडे ठेवावेत. बेअरिंग बोटांत धरून फिरवावे. खरखर लागली तर धुऊन तेलाचा एकच थेंब द्यावा, तरीही खरखरले तर टाकून द्यावे.

जोडणी उकलीच्या उलट क्रमाने होते, तिच्याविषयी फार बोलत नाही. दोन कसोट्या तेवढ्या सांगतो. चाकाचा हात खिळीवर बसविला, अजून शॉकअॅब्सॉर्बर जोडलेला नाही, अशा वेळी तो उचलून सोडावा. आपल्या वजनाने खाली पडला पाहिजे. अडखळला तर खीळ वाकडी आहे किंवा भोकात माती आहे. दुसरी कसोटी मोटारीवरचे लहान चाक आणि मोठे दातेरी चाक जुळविताना. दोहोंमध्ये वहीच्या कागदाची एक पट्टी घालून फिरवावी, दाबून स्क्रू घट्ट करावेत आणि पट्टी काढून घ्यावी. पट्टीवर दात्यांच्या घड्या उमटाव्यात, पण ती फाटू नये.

दाते किती ठेवायचे हाही विचार हवा. समजा मोठ्या चाकाला ८१ आणि लहानाला २१ दाते आहेत, आणि पेटीच्या आत आणखी २.६ पट घट होते. मग मोटारीचे सुमारे १० फेरे म्हणजे चाकाचा एक फेरा. मोटार मिनिटाला २०,००० फेरे घेत असेल तर चाक २,००० घेईल. साडेआठ सेंटिमीटर व्यासाचे चाक एका फेऱ्यात सुमारे २६.७ सेंटिमीटर जाते. म्हणजे ताशी ३२ किलोमीटर. लहान चाकाला एक दाता वाढवून २२ केले की हिशेबाने दीड किलोमीटर वेग वाढतो, आणि तेवढाच मोटारीवर बोजा पडून ती तापते. थंड देशात तो दाता पचतो. आपल्याकडे उन्हाळ्यात उलट एक-दोन दाते उतरवावेत.

शेवटी स्टिअरिंगचे यंत्र, ज्याला सर्व्हो म्हणतात. त्याला बिनतारी ग्राहकाकडून सेकंदाला सुमारे पन्नास वेळा एक ठोका मिळतो. ठोका दीड सहस्रांश सेकंदाचा असेल तर सरळ, एकाकडे झुकला तर एका अंगाला, दोनकडे झुकला तर दुसऱ्या अंगाला. आपण कुठे आहोत हे तो स्वतःच मोजून पाहतो आणि चुकत असेल तर सरकतो. म्हणून त्याचा दांडा बसविताना आधी यंत्र चालू करून तो मध्यावर येऊ द्यावा, मग दांडा सरळ बसवावा. जुन्या २७ मेगाहर्ट्झच्या यंत्रांत दोन गाड्यांचे स्फटिक एकच निघाले की एकाच्या हुकमाने दुसऱ्याची गाडी गटारात जाई, आताची २.४ गिगाहर्ट्झची यंत्रे आपल्या जोडीदारालाच ओळखतात. चालू करताना आधी हातातले यंत्र, मग गाडी. बंद करताना आधी गाडी. हा क्रम उलटला तर मालकावाचून गाडी धाव घेण्याचा संभव असतो, विशेषतः जुन्या संचात.

हे सारे पोरखेळच वाटत असेल त्यांनी एकदा आग्रा रोडने सेंधव्यापलीकडे, इंदूरच्या अलीकडच्या पिथमपूरची आठवण करावी. तेथे २००७ साली अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांची 'बाहा' स्पर्धा सुरू झाली. माणूस बसेल एवढी बगी मुले स्वतः आखतात, स्वतः वेल्डिंग करतात आणि तासन्‌तास खड्ड्यांतून पळवितात. इंजिन सर्वांना एकाच जातीचे, तेव्हा फरक पडतो तो हातांचा, डिफरन्शियलचा आणि मध्येच मोडले तर किती मिनिटांत उकलून पुन्हा जोडता येते याचा. ज्याने दहाव्या वर्षी आप्पेपात्रात स्क्रू लावले आहेत, त्याला त्या चिखलात हात घालताना भीती वाटत नाही.

जोडलेली गाडी लगेच मैदानात सोडू नये. खाली एक वीट ठेवून चाके अधांतरी करावीत, सावकाश फिरवून आवाज ऐकावा. मग दहा मिनिटे पळवून परत आणावी आणि चाकांचे नट व मोटारीचे स्क्रू पुन्हा एकदा तपासावेत. नव्याने बसविलेले दोन-तीन तरी सैल झालेले सापडतात. मोटारीच्या डब्यावर बोट ठेवून पाहावे. तीन-चार सेकंद ठेववले तर ठीक. ठेववत नसेल, तर लहान चाकाचा एक दाता कमी करावा आणि घट निवल्याखेरीज चार्जला लावू नये.